गॅलरीच्या काचेतला पांढुरका माणूस

"आता काय, घरातल्या घरात भिंत बघत बसायचं माणसानं?" आबा वर्तमानपत्राला विचारत होते.

वर्तमानपत्र काही बोललं नाही, म्हणून सूनबाई बोलली. "भिंत कसली, आबा? काच आहे ती! ऊन पडलं की आपोआप काळी होते, अंधार पडला की हळूहळू पुन्हा स्वच्छ. पडदा नको, दोरी नको!"

"आणि बाहेरचं काही दिसायलाही नको!"

"बाहेर काय बघायचंय तुम्हाला?"

"मला? काही नाही!" आबा इतक्या जोरात म्हणाले, की कपातला चहा बशीत आला.

सूनबाई प्रयोगशाळेत काचांवर थर चढवायची. हवा काढून घेतलेल्या पेटीत, यट्रियम नावाच्या दुर्मिळ धातूच्या संयुगाचा, केसाहून कितीतरी पातळ थर. रोजच्या वापरात तो कसा टिकतो ते बघायला तिनं एक तावदान साहेबांकडून मागून आणलं आणि थेट गॅलरीच्या दाराला बसवलं. "माझ्या काचेत दोष काढून दाखवा, नोकरी सोडीन!" असं घरभर जाहीरही करून टाकलं.

आबांची खुर्ची त्याच दाराच्या आतल्या बाजूला. तिथून समोरचा बसथांबा दिसायचा. दोन वर्षांपूर्वी धाकटी लेक त्याच थांब्यावरून परगावच्या नोकरीला गेली होती. "गेलीस तर परत येऊ नकोस!" आबा गरजले होते. जन्मात वडिलांची एक गोष्ट न ऐकलेल्या त्या पोरीनं नेमकी हीच ऐकली! तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. सासूबाईंच्या हातून अजूनही कधीतरी एक ताट जास्त मांडलं जायचं, आणि ते ताट कोणालाच दिसायचं नाही.

काच बसवली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सूनबाई कामावरून आली, दिवा लावला आणि अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"अगं बाई! गॅलरीत माणूस!"

माणूस गॅलरीत नव्हता, काचेत होता. काळ्याभोर तावदानात एक पांढुरकी आकृती. डोकं, खांदे, जरा बाहेर आलेलं एक कोपर.

"दोष!" चिरंजीव, म्हणजे तिचा नवरा, लॉटरी लागल्यासारखा ओरडला. "सोड नोकरी!"

सकाळी काच आरशासारखी लख्ख. संध्याकाळी माणूस पुन्हा हजर! शेवटी शेजारचे निवृत्त हवालदार बोलावले गेले. त्यांनी आकृतीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"टेहळणी करतोय कोणीतरी. ओळख परेड घ्या! चला, एकेकानं काचेपुढे उभं राहायचं."

चिरंजीव उभे राहिले, ते आकृतीच्या दोन्ही बाजूंनी उतू गेले. हवालदारांचं स्वतःचं डोकं वीतभर वर निघालं. सासूबाई जेमतेम खांद्यापर्यंत पोचल्या.

"आणि मी कशाला चोर होऊ?" त्या फणकारल्या. "चोरण्यासारखं काही आणलंय का या घरात कोणी?"

"आता आबा!"

"माझे गुडघे दुखतात," आबा म्हणाले आणि वर्तमानपत्रात असे शिरले, की दोन्ही बाजूंना फक्त कान उरले.

सूनबाईनं ते कान पाहिले. कपाच्या कानासारखे, ऐसपैस. मग काचेकडे पाहिलं. तिथेही तेच कान!

ऊन अंगानं अडवलं, की तेवढीच काच काळी व्हायची राहते. आकृतीची कड इतकी स्वच्छ उमटायची, तर माणसानं बाहेर गॅलरीत काचेला पाठ टेकून, ऊन समोरच्या इमारतीमागे जाईपर्यंत हलता कामा नये. दुखऱ्या गुडघ्यांनी. रोज. का, तर खुर्चीतून बसथांबा दिसेनासा झाला म्हणून. तिच्या काचेपायी!

"काचेतच दोष आहे," ती म्हणाली. "थर चढवताना माझीच गडबड झाली. उद्या काढून टाकते."

चिरंजीवांनी टाळी वाजवली. हातचा चोर गेल्याच्या दुःखात हवालदार चहाकडे वळले.

"दोषबीष काही नाही!" वर्तमानपत्रामागून आवाज आला. मग वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. "उगाच पोरीच्या कामाला नावं ठेवू नका. मी असतो तिथे. संध्याकाळची बस येऊन जाईपर्यंत."



"आणि मी काय स्वयंपाकघराच्या खिडकीत दूध राखत असते?" सासूबाई म्हणाल्या. "तिथे नाही बसवलीस तसली काच, म्हणून अब्रू वाचली माझी!"

हवालदारांना उठावं की बसावं कळेना. ते अर्धवट उठून तसेच राहिले. चिरंजीवांनी मुकाट्यानं बहिणीचा नंबर लावला आणि मोबाईल आबांच्या हातात दिला.

"काय बोलू?" आबांनी कुजबुजत विचारलं.

"हॅलो? दादा?" पलीकडून आवाज आला.

"दादा नाही. मी." आबांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला. "मागे एकदा सांगितलं होतं ते ऐकलंस ना? मग आता हेही ऐक. मला करमत नाही तुझ्याशिवाय. ये घरी. उभं राहून राहून गुडघे गेले माझे!"