मांजरीच्या पुढचा माणूस

मांजर आडवी गेली तरी थांबायचं नाही, एवढंच संघदीपनं ठरवलं होतं. एवढ्यानं गल्लीत क्रांती होईल असं त्याला वाटलं. (एम.ए. झालेल्या माणसाला असं वाटू शकतं.)

त्या सकाळी घाटंजीतल्या त्यांच्या गल्लीतून काळी मांजर रस्ता ओलांडून गेली आणि सगळी रहदारी गोठली. बाबुलालची भाजीची गाडी इकडे, युनूस मेकॅनिकची स्कूटर तिकडे, आणि आधी जायला कुणीच तयार नाही. संघदीप छाती काढून मधून चालत गेला. त्यासरशी सगळे हुश्श करून त्याच्या मागून सुटले.

"पाह्यलं?" घरी येऊन तो बायकोला, दीपाला, म्हणाला. "कुणीतरी एकानं पुढे व्हावं लागतं!"

ते गल्लीनंही पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी बाबुलाल दारात.

"संघदीपभाऊ, मांजर गेली ना जी. जरासे चालून देता काय?"

मग रीघच लागली. शेजारच्या हंसाबाईंचा फुटका आरसा फेकायला संघदीप. चौकात कुणी उतरून टाकलेलं लिंबू उचलायला संघदीप. युनूसही आला. "आमच्यात हे मानत नाहीत, भाईजान. पण गाडी गिऱ्हाइकाची, अन् आज अमावस्या. पहिली चक्कर तुम्हीच मारा."

"कोणीच मानत नाही, तर मीच कायले?" संघदीपनं आईसमोर, कांताबाईंसमोर, डोकं धरलं.

"आपण बौद्ध. आपल्याले काही होत नाही," कांताबाई अभिमानानं म्हणाल्या. "जाय बावा, शेजारधर्म असते."

हेही हसण्यावारी गेलं असतं. पण शनिवारी दीपाची यवतमाळला नर्सच्या नोकरीची मुलाखत होती. तिला गाडीवर मागे बसवून तो निघाला, तर गल्ली संपेपर्यंत हाकांवर हाका. कुणाला घराबाहेर पडताना शिंक आली होती, कुणाच्या छपरावर घुबड बसलं होतं.

दीपानं त्याच्या पाठीत बोट खुपसलं. "अहो, बस काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

बस थांबली होती. स्टँडच्या फाटकातच, इंजिन धडधडत. ड्रायव्हर पूनमसिंगनं खिडकीतून हात नाचवले. "आले, आले! मांजरवाले भाऊ, कधीची तुमचीच वाट पाहून राह्यलो! मांजर आडवी गेली. चला ना समोर!"

संघदीपचं रक्त उसळलं. "सरकारी गाडी चालवता अन् मांजरीले भेता? मी नाही चालणार!"

"काहून अडवून राह्यले जी?" अख्खी बस ओरडली.

"माझं तत्त्व आहे!"

दीपा तोवर पायरीवर चढली होती. "तत्त्व संध्याकाळी. आधी चाला."

तो चालला. मागून टाळ्या पडल्या. खिडकीत दीपाचा हसरा चेहरा दिसला आणि त्याचाही राग उतरला.

दुपारी तिचा फोन आला. नोकरी मिळाली! संघदीप पेढे आणायला धावतच निघाला आणि बाबुलालच्या गाडीपुढून रस्ता ओलांडून गेला. बाबुलाल जागीच थांबला.

"चल ना बे!"

"तुम्ही आडवे गेले ना भाऊ," बाबुलाल ओशाळून म्हणाला. "साऱ्या गल्लीच्या बला तुमच्याच अंगावर. कोणी समोर जाऊ द्या, मग येतो."

तेवढ्यात काळी मांजर कुंपणावरून उतरली, रस्त्याच्या मध्यापर्यंत आली, तिनं संघदीपकडे नीट निरखून पाहिलं, आणि मुकाट्यानं मागे वळली.