शहामृगवाले उस्मानचाचा

आमचे उस्मानचाचा शहामृगांना अहो-जाहो करतात. माणसांना नाही. सरपंच असो की मी, त्यांचा शेजारी, सगळ्यांना सरसकट 'काय रे'. पण कुंपणाशी गेले की आवाज एकदम मऊ. "नवाबसाहेब, जेवलात का? बेगम, जरा बाजूला व्हा."

उमेदीची सगळी वर्षं कुवेतला एकट्याने नोकरीत घालवून ते खेडजवळच्या आमच्या गावी परतले. इथे लोक आंबा-काजू लावतात; चाचांनी सड्यावरच्या उघड्या कातळावर शहामृगं पाळली. कारण विचारलं तर म्हणायचे, "कोंबड्या काय, कोणीपण पाळतो रे!"

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात कोंबड्या पटापट मेल्या. बर्ड फ्लू निघाला. चाचा छत्री उगारून कावळे हाकलू लागले. "हे काळे बिनपासपोर्टचे फिरतात. रोग तेच आणतात." फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं आलं. मी नवी चप्पल वाचवत बाजूने जाऊ लागलो, तर ओरडले, "पाय बुडव, नायतर तिथूनच सलाम कर!"

आणि एवढं करून नवाबसाहेबांनीच खाणं सोडलं. मान टाकून बसले, हिरवं ढाळू लागले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, नमुने घेतले, तपासायला पाठवले.

"रोग निघाला तर सगळेच पक्षी मारावे लागतील, चाचा," त्या म्हणाल्या. "निकाल येईपर्यंत आत एकच माणूस राहील. त्याने बाहेर मिसळायचं नाही."

"मी राहतो," चाचा म्हणाले, आणि खाट उचलून शेडमध्ये राहायला गेले.

त्यांच्या बायको, हलीमाचाची, रोज दुपारी डबा फाटकाशी ठेवायच्या आणि मागे सरून खुर्ची टाकून बसायच्या. चाचा आत, तोंडाला मास्क लावून. माझ्या बागेत त्यांचं बोलणं ऐकू यायचं. कुवेतमधलं ऊन, पोरांची आजारपणं, सासूचा तिखट स्वभाव. मधेच चाची खळखळून हसायच्या. इतक्या वर्षांच्या शेजारात मी ते हसू प्रथमच ऐकत होतो.

निकाल आला. बर्ड फ्लू नव्हता, नवाबसाहेबांचं नुसतं पोट बिघडलं होतं. औषध लागू पडलं आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंचं पेन पळवून तब्येतीची खात्री दिली. आनंदाच्या भरात चाचा बाईंनाही चक्क 'अहो' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर फाटक सताड उघडं, आणि चाचा आतच खुर्चीवर.

"घरी नाही गेलात?"

"जेवायला गेलो होतो काल. समोरासमोर बसलो की काय बोलायचं सुचत नाय रे. लगीन झाल्यापासून हिच्याशी लांबूनच बोललोय, फोनवर. हितं बरं जमतं."

तेवढ्यात हलीमाचाची डबा घेऊन आल्या. उघड्या फाटकाच्या बाहेरच त्यांनी आपली खुर्ची टाकली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "हां, बोला. कुठवर आलो होतो?"