नऊची गाणी आणि चारशे बारा पत्रं

माणूस निघून गेल्यावरच त्याची किंमत कळते, आणि तो असेपर्यंत ती कळू नये याची काळजी घेण्यासाठीच कार्यालयं स्थापन झालेली असतात. रेडिओ केंद्र हे कार्यालय या बाबतीत अत्यंत कर्तव्यदक्ष होतं.

या केंद्रावरून दर रविवारी सकाळी नऊ वाजता जुन्या गाण्यांचा एक तास प्रसारित होई. कार्यक्रमाचं कागदोपत्री नाव सात शब्दांचं होतं आणि ते फक्त कागदांनाच पाठ होतं. लोक त्याला ‘नऊची गाणी’ म्हणत. ती लावणाऱ्या निवेदकांना सगळे भाऊ म्हणत. (त्यांच्या सख्ख्या बहिणीही त्यांना भाऊच म्हणत, पण तो निव्वळ योगायोग.) भाऊंची पद्धत ठरलेली होती. गाण्याआधी दोन वाक्यं बोलायची, तिसरं ओठांपर्यंत आणायचं, ते गिळायचं आणि गाणं सोडायचं. त्या गिळलेल्या वाक्यात काय असेल याविषयी श्रोत्यांमध्ये आदरयुक्त मतभेद होते. काही जण म्हणत, दुःख. काही म्हणत, तत्त्वज्ञान. एकतीस वर्षं हे असं चाललं.

मग एके दिवशी भाऊंनी ‘आता पुरे’ एवढा दोन शब्दांचा अर्ज दिला. साहेबांनी तो अपुरा म्हणून परत पाठवला. भाऊंनी खाली ‘कृपया’ असा शब्द जोडून तोच अर्ज पुन्हा दिला आणि तो मंजूर झाला. निरोपाच्या दिवशी, एकतीस वर्षं घड्याळाकडे बघत बोललेल्या या माणसाला केंद्राने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं.

त्या समारंभात सर्वांत जास्त रडल्या त्या टपालताई. श्रोत्यांची पत्रं फोडायची, त्यांच्यावर तारखेचा शिक्का मारायचा आणि ती ‘स्तुती’, ‘तक्रार’ आणि ‘इतर’ अशा तीन ट्रेंमध्ये लावायची, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. (‘इतर’मध्ये गुडघेदुखीवर उपाय विचारणारे, हरवलेल्या छत्रीचं वर्णन कळवणारे आणि कवी येत.) भाऊंची बावीस वर्षांची स्तुती त्यांच्या हाताखालून गेली होती. तेव्हा भाऊंचा अभिमान भाऊंपेक्षा टपालताईंना जास्त असणं ओघानंच आलं.

भाऊंच्या जागी आली ती हवामानवाली. आठ वर्षं तिने रोज हवामान वाचून दाखवलं होतं. पाऊस न पडण्याची जबाबदारी तिची नव्हती, तरी लोक तिलाच दोष देत; त्यामुळे या नव्या कामाची पूर्वतयारी तिच्याइतकी कोणाचीच नव्हती. तिला गाण्यांचं खरोखरच वेड होतं. तिच्याकडे एक जाडजूड वही होती, आणि तिच्यात कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवलं हे सगळं टिपलेलं असे. पहिल्याच रविवारी तिने दोन वाक्यं बोलून तिसरंही बोलून टाकलं. त्यात बासरी वाजवणाऱ्याचं नाव होतं.

झालं! एवढं निमित्त पुरलं.

सहा आठवड्यांत चारशे बारा पत्रं आली. भाऊंच्या काळात महिन्याला एकतीस येत, आणि त्यांतली बरीचशी एकाच निवृत्त मास्तरांची असत. टपालताईंना ट्रे पुरेनात, म्हणून त्यांनी कपडे धुण्याची टोपली घरून आणली. दोनशे चाळीस श्रोत्यांनी कार्यक्रमाचा आत्मा हरवल्याचं कळवलं होतं. (तो शेवटचा कुठे दिसला होता, ते एकानेही कळवलं नव्हतं.) आवाज फारच कोवळा आहे, असं सत्त्याण्णव जणांचं म्हणणं होतं, तोच आवाज फारच पोक्त आहे, असं एक्केचाळीस जणांचं. तेहतीस जणांना ती फार बोलते असं वाटलं आणि त्यांनी ते प्रत्येकी चार-चार पानांत सांगितलं. उरलेल्या एकाने, खाली सही न करता, लिहिलं होतं : ‘बाई, छान चाललंय. असंच बोला.’

टपालताईंनी हे पत्र दोनदा वाचलं आणि ते ‘इतर’मध्ये, छत्रीखाली ठेवलं. बावीस वर्षांत त्यांचा हात असा पहिल्यांदाच चुकला. त्यांनी मनातल्या मनात हातालाच दोष दिला.

केंद्राने तातडीने तीन जणांची समिती नेमली. एक साहेब, दुसरे अभियंते. तिसऱ्या गृहस्थांना प्रत्येक समितीत घ्यावंच लागे, कारण बैठकीचं टेबल त्यांच्या खोलीत होतं. समितीने असं ठरवलं की पत्रांचा आकडा पाचशेवर गेला, तर कार्यक्रम बंद करावा, त्या वेळी वाहनचालकांसाठी सूचना प्रसारित कराव्यात आणि हवामानवालीला तिच्या मूळ हवामानात परत पाठवावं.

दुसऱ्या दिवशी हवामानवाली टपालताईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“ताई, माझ्यासाठी आहेत का काही पत्रं?”

“आहेत की. टोपलीभर.”

“कशी आहेत?”

टपालताईंना खोटं बोलता येत नसे. “अक्षर बरं आहे,” त्या म्हणाल्या.

ती खाली बसली आणि तिने एकेक पत्र वाचायला घेतलं. मधूनच ती वहीत काही टिपत होती. जेवणाची सुट्टी संपली तरी ती उठली नाही. शेवटी मान वर न करताच म्हणाली, “ताई, तुम्ही तर इथल्याच. तुम्ही ऐकता ना? खरं सांगा, मी कुठे कमी पडते?”

“भाऊंसारखं नाही होत.”

“हो, पण कुठे?”

“एकूणच,” टपालताई म्हणाल्या.

(‘एकूणच’ हा अत्यंत सोयीचा शब्द आहे. त्याला पुरावा लागत नाही आणि त्याला उत्तरही नसतं.)

ती हसली, पण ओठ नीट जागेवर येईनात, म्हणून वही छातीशी धरून निघून गेली. टपालताईंना त्या दिवशी डबा गोड लागला नाही. पोरीला त्रास देणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी विचार केला, भाऊच परत आले तर कोणाचीच तक्रार उरणार नाही आणि पोरगीही सुटेल. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या भाऊंच्या घरी गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भेट मिळालेलं घड्याळ खोक्यातच होतं आणि भाऊ मटार सोलत बसले होते.

“भाऊ, परत या,” टपालताईंनी बसता बसताच सांगितलं.

“कशाला?”

“लोक हळहळताहेत हो. चारशे बारा पत्रं आली.”

भाऊंचा हात थांबला. “चारशे बारा? मला नाही कधी आली एवढी.” हे त्यांनी जरा लागल्यासारखंच म्हटलं. मग म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? मीच नाही का सफरचंदं घेऊन आले होते!”

“सात रविवार मी या खाटेवर पडून होतो. मग केंद्रावरून काय वाजत होतं?”

टपालताई जरा घुटमळल्या. “नऊची गाणी.”

“एकच टेप. सातही रविवार तीच. अभियंत्यांना म्हटलं, होईल तोवर चालवा. तिच्यात मधे मला शिंक आलीय. ती शिंकही सात वेळा प्रसारित झाली. आता तुम्ही सांगा, पत्रं तुमच्याकडे येतात. कोणी काही लिहिलं?”

टपालताईंना ते महिने लख्ख आठवले. मास्तरांनी सातही आठवडे लिहिलं होतं आणि प्रत्येक पत्रात ‘आजची निवड विशेष ताजी होती’ असं होतं.

“परत आलो,” भाऊ म्हणाले, “पहिलं गाणं लावलं, आणि समोरच्या काचेकडे बघत बसलो. मनात आलं, आपण नक्की बोलतोय कोणाशी? तेव्हापासून मनच उडालं.” त्यांनी एक शेंग मोडली. “ते जाऊ दे. ती शिंक तुम्हाला तरी आठवते का?”

टपालताईंनी मटाराची एक शेंग उचलली आणि उगाचच सोलायला घेतली. रविवारी नऊ वाजता त्यांच्या घरी धुणं असे. यजमानांचे शर्ट, पडदे, चादरी. रेडिओ कपाटावर, फडक्याखाली होता. त्याचे सेल यजमानांनी टॉर्चला घातले, त्याला आता आठ की नऊ वर्षं झाली होती. “ऐकत नव्हते,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “पण चालू आहे असं वाटायचं, भाऊ. कपडे पिळताना वाटायचं, नऊ वाजले, आता भाऊ बोलत असतील. तेवढंच बरं वाटायचं.”

“असू द्या हो. मीही गाणं लावलं की चहाला जायचो.” भाऊ हसले. “पण ती पोरगी जागची हलत नाही, बरं का. आता मी दर रविवारी ऐकतो. तिसरं वाक्य कसं ठणठणीत बोलते!”

“आणि तुमचं ते काय होतं, तिसरं वाक्य?”

“काय असणार? कोणी काय वाजवलंय ते मला ठाऊक नसायचं. आठवायला जायचो, आठवायचं नाही. मग गिळायचो.” त्यांनी भांडं बाजूला सारलं. “मी पत्र लिहिलंय तिला. म्हणजे शेजारणीकडून लिहून घेतलं. सही केली नाही. म्हटलं, उगाच भाऊंचा दाखला नको. मिळालं ना?”

टपालताईंच्या हातातली शेंग खाली पडली. “मिळालं,” त्या म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांनी टॉर्चचे सेल काढले. “आणि धुणं?” यजमानांनी विचारलं. “दहा वाजता,” त्या म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तरी हे उत्तर यजमानांना नवीन होतं. हवामानवालीने सांगितलं की पुढच्या गाण्यात एका ठिकाणी सारंगीवाला क्षणभर थांबतो, तिथे लक्ष द्या. टपालताईंनी लक्ष दिलं. तो खरोखरच थांबला, आणि त्यांनी नकळत रेडिओ जवळ ओढला. पाऊण तासानंतर त्यांच्या ध्यानात आलं की या पाऊण तासात त्यांना भाऊंची एकदाही आठवण झाली नाही. याचा त्यांना थोडा रागही आला.

सोमवारी त्यांनी चारशे अकरा तक्रारदारांना एकेक कार्ड पाठवलं. त्यावर एकच प्रश्न होता : ‘गेल्या रविवारचं कोणतं गाणं आपल्याला आवडलं नाही?’ पत्रांचा ओघ अचानक थंडावला. उत्तरं नऊ आली. पाच जणांकडे रेडिओ नव्हता. तिघांना वेळ मिळत नव्हता, पण कार्यक्रम पूर्वीसारखा असल्याचं समाधान त्यांना हवं होतं. एकाने मात्र गाण्याचं नाव कळवलं. ते दुसऱ्याच केंद्रावर लागलं होतं.

हे सगळं टपालताईंनी समितीपुढे मांडलं.

“म्हणजे कोणी ऐकतच नाही,” अभियंते खिन्नपणे म्हणाले.

“चुकताय तुम्ही,” साहेब म्हणाले. “तक्रार करण्याचा अधिकार श्रोत्याला असतो. यांतला एकही जण श्रोता नाही. म्हणजे आजवर एकाही श्रोत्याने तक्रार केलेली नाही.” टेबलवाल्या गृहस्थांनी अनुमोदन दिलं, आणि शंभर टक्के समाधानाच्या आधारावर कार्यक्रम कायम झाला. हवामानवालीही कायम झाली.

टपालताईंनी ‘इतर’मधून ते पत्र काढलं आणि स्वतः जाऊन तिच्या हातात दिलं.

“हे कधी आलं?”

“दीड महिना झाला. मीच लपवलं होतं. चूक झाली, पोरी.”

हवामानवालीने चिठ्ठी वाचली, उलटून मागे बघितलं, पुन्हा वाचली. रागावेल, असं टपालताईंना वाटलं. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे एक माणूस तरी ऐकतंय.”

“दोन,” टपालताई म्हणाल्या.

आता आपल्याला, म्हणजे हे वाचणाऱ्यांना, त्या चारशे अकरा जणांचं हसू आलं असेल. येऊ द्या, प्रकृतीला चांगलं असतं. जाता जाता फक्त एक कळवायचं राहिलं. आपल्या घरापासून चालत पाच मिनिटांवर जे जुनं वाचनालय आहे (आहे, नीट आठवा, निळा दरवाजा), ते येत्या एक तारखेपासून बंद होत आहे. आपल्याला हे वाचून धक्का बसला असेल. परिसराचा आत्मा हरवला, असंही वाटलं असेल. आपण तिथे शेवटचं पाऊल कधी ठेवलं होतं, असा आगाऊ प्रश्न आम्ही विचारणार नाही. पत्र मात्र जरूर लिहा. अक्षर बरं काढा.