कराडला उतरणारं विमान

"आवं आबा, दिल्लीचं इमान कराडला उतरल्यालं कुनी बघितलंय का?" दीपमालानं तिसऱ्यांदा विचारलं.

सासऱ्यांनी, नानासोंनी, तिसऱ्यांदा मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. "वाच की. दिल्ली ते कराड, दोन तास धा मिनिटं. अंतर दिलंय, येळ दिलाय. आनि काय पायजे?"

"कुठल्याबी दोन गावांचं हवेतलं अंतर दावतंय ते, इमान असू नायतर नसू!"

"तुझा भाऊ आठाला निघाला. धा वाजून धा मिनिटांनी उतरतोय. चल."

तिच्या तान्ह्या विरूचं जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं होतं, तेही आज तीनच्या आत. नंतर वर्षभर मुहूर्त नव्हता. एकुलता एक मामा, शिवतेज, पलटणीतून दोन दिवसांची रजा काढून निघाला होता. 'विमानानं येतोय' एवढंच म्हणाला होता. आता फोन बंद. तो पुण्यालाच उतरणार, हे दीपमालाला पक्कं ठाऊक होतं. पण नानासो एका हातात हार आणि काखेत विरू घेऊन शेजारच्या इलाहीच्या भाड्याच्या जीपमध्ये बसलेसुद्धा. अंगावर पिणारं पोर एकटं कसं सोडायचं? अंगणात बसलेल्या न्हाव्याच्या हातात चहा टेकवून ती तशीच पळाली.

वडूजहून कराडला पोचले, तर फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "हितं पोरं इमान चालवाय शिकत्यात, काका. उतारू येत न्हाईत."

इतक्यात एक चिमुकलं विमान खाली आलं. नानासोंनी हार उंचावला. "आला बघ!"

"त्यात दोगंच बसत्यात," पहारेकरी म्हणाला.

"मग एकाला जागा हाय की!"

दीपमाला विरूला पाजत होती, म्हणून तिचा वाजलेला फोन नानासोंनी उचलला.

"आबा, मी पुण्यात उतरलोय. एसटीनं वडूजला येतो."

"खुळा हाईस का? हलू नगंस! कराड ते पुणे पंचवीस मिनिटं. आमी आलोच!" आणि फोन ठेवलासुद्धा.

"आबा! ती येळ इमानाची! आपन जीपमधी हाय!"

नानासोंनी चष्मा पुसला. "ते बारीक अक्षरात आसंल."

तिनं घाईनं परत फोन लावला. आधी व्यस्त, मग बंद. आता शिवतेज जागचा हलणार नव्हता. बहिणीच्या सासऱ्याचा शब्द तो सुभेदाराच्या हुकमासारखा पाळायचा.

पुण्याच्या वाटेत दीपमाला सासऱ्यांशी एक अक्षर बोलली नाही. विरूनं मात्र खंबाटकीच्या बोगद्यापासून विमानतळापर्यंत तिच्या मनातलं सगळं बोंबलून सांगितलं.

सव्वादोनला शिवतेज दिसला, बॅगेवर बसलेला. धावत आला.

"ताई, तासाभरात मला परत आत जायचंय. रजा रद्द झाली. आबांनी फोन ठेवला आनि लगीच युनिटचा आला, त्यातच बॅटरी संपली. एसटीत बसलो असतो, तर पयल्या थांब्यावरनंच माघारी फिरलो असतो. भाचा दिसलाच नसता बघ."

जवळच्या सलूनमध्ये, गोल फिरणाऱ्या खुर्चीत, मामाच्या मांडीवर विरूचं जावळ निघालं. घड्याळात पावणेतीन.

दाराशी नानासो वडूजला बायकोला फोनवर सांगत होते, "अगं, मला सकाळीच वाटलं हुतं. म्हनून तर पोराला हलू दिलं न्हाई!"

दीपमालानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कराडपासून साठवलेलं कितीतरी होतं.

"ताई, बाळाचं डोकं धरा," सलूनवाला म्हणाला.

तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि तोंड मिटलं.