नॅनोचा झाला नाना

फ्रिजमधल्या बाटलीवरची चिठ्ठी कोणीतरी लाल शाईने दुरुस्त केली होती. प्राचीने लिहिलेल्या 'नॅनो'चं आता 'नाना' झालं होतं.

"नाना! ह्या बाटलीले हात लावला का तुम्ही?"

"माह्याच नावाची बाटली. शुद्धलेखन तेवढं चुकलं होतं तुहं, ते नीट केलं," तिचे वडील यज्ञेश्वर उर्फ नाना म्हणाले. पस्तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. ज्याच्या नावाचा कागद, त्याच्याच टेबलावर, हा त्यांचा धर्म. "आठ दिवसांपासून गुडघ्याले लावून राह्यलो. मस्त आहे."

प्राचीने कपाळावर हात मारला. पाण्यात न विरघळणारं वेदनाशामक औषध तिने तेलाच्या इतक्या बारीक, म्हणजे 'नॅनो' थेंबांत बसवलं होतं, की बाटली पाण्यासारखी नितळ दिसायची. औषध कातडीतून आत मुरावं म्हणून हा सारा खटाटोप. कॉलेजचा फ्रिज बिघडला म्हणून बाटली घरी आणलेली. तीन महिने ते फुटलं नाही, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं झालं नाही, हे उद्या बाहेरगावच्या परीक्षकांना दाखवायचं होतं. नाहीतर एम.फार्म.चे सहा महिने पाण्यात.

"अहो, हे अजून माणसाले लावाचं नाही! फक्त बोकडाच्या कातडीवर पाह्यलं आम्ही!"

"मंग? बोकडानं तक्रार केली का?"

"पण बाटली तर भरलेलीच दिसते."

नानांनी पेपर तोंडासमोर धरला. "कमी दिसू नये म्हणून रोज जरासं नळाचं पाणी टाकत होतो."

आई, रजनीबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "नवी बाटली भर अन् टाक जुनी तारीख. कोणाले कळते?"

"मले कळते ना!" प्राची उसळली. "खोटी तारीख टाकणार नाही. नापास केलं तर करू दे."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर तिने परीक्षकांना नळाच्या पाण्यासकट सगळं सांगून टाकलं. तिच्या मार्गदर्शक सरांचा चेहरा पांढरा पडला. परीक्षकांनी बाटली उजेडात धरली, मग यंत्रात थेंबांचं माप घेतलं.

"पाणी घातल्यावर हे टिकतं का, ही चाचणी तुमच्या प्रबंधात नाही. मी त्यावरच अडवणार होतो," ते म्हणाले. "वडिलांनी आठ दिवस केलेली दिसते. थेंब जसेच्या तसे आहेत. पास!" मग हळूच विचारलं, "त्यांचा गुडघा कसा आहे?"

"एका माणसावरून सांगता येत नाही, सर."

"काहून नाही येत?" दारात नाना उभे होते, घामाघूम. "साक्षीदार हजर आहे!"

"पण लिफ्ट तर बंद आहे," परीक्षक चकित झाले.

"तीन मजले चढलो. कठडा न धरता!"

परीक्षकांनी उठून त्यांना खुर्ची दिली. ती घेणं मात्र नानांना भोवलं, कारण बसलेल्या नानांना पुन्हा उठताच येईना. शेवटी शंकरसिंग शिपाई आणि मार्गदर्शक सर यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्याने खाली न्यायला घेतलं. प्राची हसू दाबत मागून चालली होती.

प्रत्येक वळणावर नाना वर तोंड करून, कठड्यावरून वाकून पाहणाऱ्या परीक्षकांना बजावत होते, "चढलो, हे लिहा सायेब! उतराचं औषध वेगळं राह्यते!"