दुखण्याचे एकवीस शब्द

भोईरकाकांसमोर 'चांगलं' किंवा 'वाईट' म्हणायची आमच्या चाळीत कुणाची छाती नव्हती. "चांगला म्हंजे कसा?" म्हणत ते पायरीवरच अडवायचे. "डिलिशियस का क्रिस्पी? बोला!" एकदा मी त्यांच्या घरच्या भाकरीला नुसतं चांगली म्हणालो आणि माझी सातची बस चुकली.

काका कामतघरच्या एका लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कापड तपासायचे. तिथे 'खराब' म्हणून भागत नाही. डाग पडलाय की धागा तुटलाय, ते नेमकं सांगावं लागतं. हीच खोड त्यांनी इंग्रजीला लावली होती. दर सोमवारी नवा विषय: ढग, भाज्या, माणसांचे स्वभाव. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द लिहून ते दारावर टांगायचे. स्वभावांच्या आठवड्यात मला 'ग्रम्पी' ठरवलं, म्हणजे सदा कुरकुरणारा. मी चार दिवस अबोला धरला, तर म्हणाले, "बघ, शब्द बराबर बसला!"

मग एका सोमवारी दारावर दुखण्याचे शब्द आले. मोजून एकवीस. थ्रॉबिंग म्हणजे ठसठस, बर्निंग म्हणजे आग, आणि असे कितीतरी. पुढच्या सोमवारी विषय बदलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा कुठे मला कळलं, काकींच्या पोटात दुखतंय आणि ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

"मोठा डॉक्टर इंग्लिशमधी बोलनार," काका म्हणाले. "एक शब्द चुकला तर भलताच आपरेशन करंल."

त्या दिवशी मी सोबत गेलो. धामणकर नाक्यावरच रिक्षा अडकली. पुढे टेम्पो, मागे ट्रक. वेळ चुकली तर पुन्हा महिनाभर थांबावं लागणार होतं. काकी पोट दाबून बसल्या होत्या. काका डोळे मिटून शब्द घोकत होते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला त्यांचा खरंच संताप आला. इथे बाई कळवळतेय आणि ह्यांना परीक्षेची पडलीय!

कसेबसे वेळेवर पोचलो. डॉक्टर तरुण बाई निघाल्या. "बसा काका," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. "काकींना नेमकं कसं दुखतं?"

काका उभेच. "थ्रॉबिंग," ते म्हणाले. मग, "न्हाय, बर्निंग." मग खिशातून कागद काढला. त्यावरच्या एकवीस शब्दांवरून ते बोट फिरवू लागले.

"काका, त्यांनाच विचारा ना," डॉक्टर म्हणाल्या.

काका काकींकडे वळले.

"कसा दुखतं गो तुला?"

"जेवल्यावर कळ येते," काकी हळूच म्हणाल्या. "उजव्या अंगाला. ती पार पाठीत जाते."

डॉक्टरांनी पोट तपासलं. बहुधा पित्ताचे खडे असावेत, सोनोग्राफी करून बघू, असं म्हणून त्या चिठ्ठी लिहू लागल्या.

काका खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत त्यांनी बायकोला एकदाही विचारलं नव्हतं, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. माझा राग कुठच्या कुठे गेला.

"मी भ्यालो व्हतो गो," ते म्हणाले. "तू काय सांगशील, म्हनून इचारलाच न्हाय."

काकींनी त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि नीट घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला.

"ठावं व्हता माला," त्या म्हणाल्या. "म्हनून तर मीपन काय बोलली न्हाय."