पान बारावरची मुशी

मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही. (दार उघडं असलं तर नजर जाते, तो दाराचा दोष.) त्या दिवशी शेजारची पौर्णिमा उंबऱ्यावर पुस्तक वाचत बसली होती. पाचवीतली पोर. शाळेत पुस्तकांची पेटी आली होती आणि सरांनी बजावलं होतं, पुस्तक जसं नेलं तसं सोमवारी आणील, त्यालाच पुढचं मिळेल.

"बघू गो," म्हणत मी ते घेतलंच. सगळं शार्क माशांचं, रंगीत चित्रांचं. पान बारावर मी थबकले.

"अगो, ही तर आपली मुशी!"

"मावशी, तो शार्क हाय. बारक्या जातीचा."

चाळीस वर्षं मी शार्क खात होते आणि मला कोणी सांगितलं नव्हतं! आता खात्री करायला नको? दुसऱ्या दिवशी मुरबाडला बाजाराला जायचंच होतं. "दुपारपर्यंत आणून देते गो," म्हणत पुस्तक पिशवीत टाकलं आणि सापगावहून जीप धरली.

सुकी मासळी विकणारी सकुबाई माझी जुनी ओळखीची. तिच्या टोपलीतली खारवलेली मुशी उचलून मी चित्राशेजारी धरली. शेपूट तीच, पाठीवरचा पर तोच.

"सकुबाय, तू शार्क विकतेस!" मी आनंदानं ओरडले.

"शार्क? मानसं खातो त्यो?" मागून एक म्हातारी म्हणाली आणि हातातली मुशी तिनं खाली ठेवली.

"अहो, ही जात नाय खात. इथं लिवलंय..." मी ती ओळ शोधेपर्यंत चार बायांनी आपापली मुशी टोपलीत परत टाकली.

सकुबाईनं कमरेवर हात ठेवले. "गीताबाय, माजं गिऱ्हाईक घालवलंस. आता ही सगली मुशी कोन खानार? तुजं पुस्तक?"

अख्खी टोपली मी घेतली. पिशवी एकच होती.

घरी आल्यावर पौर्णिमानं पुस्तक नाकाशी नेलं आणि तिचे डोळे भरले. "आता सर पुडचं नाय देनार." मी पुस्तकाला ऊन दाखवलं, पावडर लावली. वास काही जाईना, उलट मांजर त्याच्याभोवती घोटाळायला लागली. (तिला वाचनाची आवड नाही, एवढं मला कळतं.)

सोमवारी मीच तिच्यासोबत शाळेत गेले. "सर, पोरीनं काय नाय केलं. मुशीची खात्री करायला मी नेलं बाजारात."

सरांनी पुस्तक हुंगलं, लांब धरलं. "मग? पटली?"

"पटली," म्हणून मी पान बारा काढून दाखवलं.

सर तोंडाला रुमाल लावून कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, "बाकीची पुस्तकं नेली तशी आली, कोरी करकरीत. हे एक तरी कोणी वाचलंय." आणि पेटीतलं पुढचं पुस्तक त्यांनी पौर्णिमाच्या हातात ठेवलं.

संध्याकाळी ती धावत दाखवायला आली. देवमाशांचं! मी हात पुढे केला, तशी आमच्या ह्यांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. ताटात तिसऱ्या दिवशीही मुशीच होती.

"हिला नको दावू गो पोरी," ते हात जोडून म्हणाले. "घरात अजून शार्कच संपला नाय. देवमासा कोन खाईल?"